पाटीच्या तळाशी

इनासीन अजून थांबते आमच्या फाटकाशी.
सवय तिचीही, स्कूटरचीही.
दोनदा हॉर्न, मग तिला आठवतं,
मग नुसतंच, "वयनी, मातशें उदक दी."

दीड वर्ष झालं, बोरीतल्या या घरात
मासळी शिजत नाही.
अंडं नाही, दूध नाही, दही विरजत नाही.
शमिकाने भाषण केलं नव्हतं.
एका रविवारी ताटातली सुंगटं बाजूला सारली
आणि विचारलं, ही कुठून आली?
रोहिदास म्हणाला, मडगावहून.
त्याच्या आधी?
त्याच्या आधीचं ठाऊक नव्हतं कुणालाच,
परसामागून जुवारी वाहते त्या घरात.

तेव्हापासून मी शिकते आहे.
काजूचं दूध चहात फुटतं,
नारळाचं चहाला आपलं म्हणत नाही,
सोयाचं चालतं, फक्त कपात बघायचं नाही.
रिठ्याच्या फेसात साड्या निघतात,
शर्टांच्या कॉलरी तेवढ्या रुसून राहतात.
पोदेराची पोळी पहिल्यापासूनच आमच्या बाजूची,
तिला ते कळलंही नाही.
आंबटात तेफळं टाकते, पूर्वीइतकीच,
बांगड्याच्या जागी कधी नीरफणस, कधी आंबाडे.
तेफळं वाट बघतात थोडा वेळ,
मग नाइलाजाने
वास देऊन टाकतात.

बोक्याचं काय, हा प्रश्न मात्र तीन दिवस चालला.
शमिकाने रात्री जागून वाचलं, डोळे सुजवले,
आणि म्हणाली, त्याला निवड नाही. आपल्याला आहे.
म्हणून बोक्यासाठी दिवसाआड चार तारले.
ते साफ करण्याचं काम रोहिदासने मागून घेतलं,
ज्याने उभ्या जन्मात आदोळीला पाय लावला नव्हता.
मागच्या पायरीवर बसतो,
खवले काढतो, डोकी, शेपट्या,
मीठ लावतो, हळद लावतो.
बोक्याला हळद?
मी विचारत नाही.
हात धुतो, साबणाने, पण एकदाच.
मग पेपर वाचता वाचता
बोटं आपोआप नाकाशी जातात.

जूनमध्ये बोटी किनाऱ्याला लागल्या
तेव्हा इनासीन सुकी मासळी घेऊन आली, बोक्यापुरती.
पाणी पिऊन म्हणाली,
"दर्या दोन म्हयने विसव घेता, तुमी बारा?"
हसली. मग हसू पुसून सांगत बसली,
रात्री दिवे लावून येतात त्या मोठ्या बोटी,
समुद्राला वाटतं दिवस उजाडला,
पिल्लंसुद्धा वर येतात बघायला.
तिच्या फेलिक्सच्या जाळ्यात उरतं ते पाणी.
शमिका उंबऱ्यावर ऐकत होती.
म्हणाली, मग तूही बंद कर ना विकणं.
इनासीनने तिच्याकडे नाही, पाटीकडे पाहिलं.
धाकटीची फी कोण भरणार, तू?
गाडीला किक मारली, ती तिसऱ्यांदा लागली.

नंतर आठ-दहा दिवस हॉर्न वाजला नाही.
बोको फाटकाच्या खांबावर बसून राही,
रोहिदास त्याच्यापासून जरा लांब.

आली ती ऑगस्टमध्ये, भरल्या पाटीने.
बांगडे उचलून, बर्फ सारून
तळातून ओढून काढली एक जुडी,
तिच्या परसातली तांबडी भाजी.
"हें तुमचें नुस्तें," म्हणाली.
पैसे घेतले नाहीत.

शमिकाने भाजी धुतली तीन पाण्यांत,
तिन्ही पाणी केळीच्या बुडाशी ओतलं.
चौथं घ्यायला तिचाच हिशेब आडवा आला.
कांदा, दोन मिरच्या, मूठ सोडून खोबरं.
भात हळूहळू गुलाबी होत गेला.

पहिल्या घासाला तिघंही थांबलो.
कुणी काही म्हणालं नाही.
रोहिदासने पुन्हा मागितली.
शमिकाने वाढली,
मग डावात उरलेली
आपल्याही पानात घेतली.

बोको, ज्याचं जेवण केव्हाच झालं होतं,
येऊन बसला
ताटांच्या मधोमध.