मीठ नंतर

अश्फाकने खेडहून तणनाशक आणलं,
पिशवी पडवीत खुंटीला, पंप दाराशी.
म्हणाला, बावा, उद्या सकाळी
कलमांखालचं सगळं गवत मारून टाकतो.

सगळं गवत म्हणजे
घोळ, काटेमाठ, शेंगेला आलेला टाकळा,
गडग्याकडेची चिरबोटं,
कागदी पिशवीत एकेक हिरवा मणी.
एकतीस वर्षं मी बोटीवर भंडारी होतो.
चाळीस माणसांचा भात एका डोळ्याने शिजवलाय.
गवत कुठलं, भाजी कुठली
मला कोणी शिकवू नये.

खरं सांगायचं तर शिकवलं होतं.
वेराक्रूझच्या धक्क्याला शाफ्ट मोडून
बावीस दिवस बांधलेलो,
कोठीत डाळ आणि कोंब फुटलेले बटाटे.
बाजाराच्या तोंडाशी एक बाई
फडकं अंथरून बसलेली, पुढ्यात जुड्या.
लाल देठ, जाड पान, नखाएवढं.
मी नकळत बोललो, घोळ.

दाभोळात घोळ म्हटलं तर आधी मासा आठवतो,
मग भानगड, भाजी सगळ्यांत शेवटी.
तिला तिन्हींतलं काहीच कळलं नाही.
ती म्हणाली, बेर्दोलागा.
मी पुन्हा, घोळ. ती पुन्हा, बेर्दोलागा.
शेजारचा कोंबडीवाला हसून हसून
पिसं सोलायची विसरला.

एल्विरा नाव तिचं.
मागच्या अंगाला तिची चूल, चुलीवर मातीचं खापर.
खापरावर तिने चिरबोटंच भाजली,
आपल्यापेक्षा थोराड, लिंबाएवढी.
दगडावर मिरचीबरोबर वाटली.
पातेल्यात डुकराचं मटण रटरटत होतं.
मी हात जोडले, मान हलवली.
तिने माझ्या टोपीकडे पाहिलं,
काही न विचारता दुसरं भांडं घेतलं,
त्यात मूठभर सुकी कोळंबी टाकली.
सोडे! माझ्या आईच्या बरणीतले असावेत इतके तेच.

मी सवयीने मिठात हात घातला
तर तिने मनगटावर चापट मारली.
पान चिमटीत धरून माझ्या जिभेवर ठेवलं.
खारट. आंबट. मागून थोडी माती.
मग दोन बोटं हवेत पुढे ढकलली,
म्हणजे नंतर, शेवटी, चाखून.

अशा न पेरता उगवलेल्या पाल्याला
तिकडे केलिते म्हणतात.
हा शब्द मी सामानाच्या वहीत
साबणाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला होता.
वही बोटीवरच राहिली.

आज उन्हं चढायच्या आत चांगी हिलम आली,
टोपली काखेला, धाकटी नात मागे.
तिला पिशवी दाखवली.
वास घेतला तिने, लांब धरली.
म्हणाली, मग औंदा इकडनं काय न्यायचं नाय.
एवढंच. भांडण नाही, हळहळ नाही.

मी तिला म्हटलं, आज विकू नकोस, बस.
रुकय्या आत भांडी आपटत राहिली,
तिच्या चुलीला मी हात लावलेला तिला खपत नाही.
चिरबोटं तव्यावर काळी केली,
पाट्यावर मिरचीशी वाटली, सोडे परतले,
घोळ टाकली तशी ती क्षणात बसली.
आणि हात आपोआप मिठाच्या डब्याकडे गेला,
म्हातारपण, दुसरं काय.

उंबऱ्यावरून चांगी ओरडली,
मीठ आत्ता नको रं बावा, ती सोताच खारी असते!
आणि दोन बोटं हवेत पुढे ढकलली.

तिघं पडवीत जेवलो, तांदळाच्या भाकरीशी.
नात फक्त सोडे वेचून खात होती.
चांगी म्हणाली, वाटण बरं झालंय,
पण चिरबोट पिकलेलंच घ्यावं, कच्चं कडू लागतं.
वेराक्रूझचं सांगितलं तर विचारते,
ते गुहागरच्या पुढं का?

अश्फाक संध्याकाळी आला.
पातेलं पुसून खाल्लं, छान आहे म्हणाला, कसली भाजी?
मी नाव सांगितलं.
तो खुंटीकडे बघत हात धुवत राहिला,
मग म्हणाला, गडग्याकडची एक ओळ सोडतो.

एक ओळ.
मी चाखून बघितलं,
अजून मीठ घातलेलं नाही.