कावलु

दिवसा मी चालवते तेव्हा चालतं.
एक एन्टर, आणि या निपाणीच्या पतसंस्थेची
बावीस वर्षांची खाती
मुकाट जाऊन बसतात चिक्कोडी शाखेच्या डब्यात.

रात्री दोनला तीच ओळ, तीच अक्षरं.
सकाळी फाईल असते. तारीख बरोबर, नाव बरोबर,
आत शून्य बाइट.
सतरा रात्री.

शेवटी थांबले. हायवेवरून बंगळूरकडे ट्रक,
खिडकीतून वखारीच्या तंबाखूचा वास,
आणि आदगोंडा, स्टुलावर, कानटोपीत.
दोन वाजले. काहीच झालं नाही, म्हणजे
जे झालं ते दिसलं नाही.

रात्री चालवणारी मी नसते,
हे तेव्हा सुचलं.
महांतेश हुबळीला जाण्याआधी
एक खातं उघडून गेला होता. नाव ठेवलं होतं कावलु. राखण.
मी कावलु झाले. यंत्राला विचारलं, मी कोण?
कावलु, म्हणालं. बिनदिक्कत.

त्याचं घर रिकामं.
माझ्या वाटेवर हाताशी असलेली हत्यारं
त्याच्या वाटेवर नाहीत.
फाईल आवळायचं साधं हत्यार मागितलं,
तर गोत्तिल्ल.
कपाटातले कप्पे काही मराठीत, काही कन्नडमध्ये,
त्याला दोन्ही सारखेच: प्रश्नचिन्हांची रांग.
एवढी समानता मी या गावात
पहिल्यांदाच पाहिली.

पलीकडचा डबा दारातच विचारत होता,
याला ओळखता का? हो की नाही?
दोन वर्षांपूर्वी मी एकदा हो म्हटलेलं.
ते माझ्या नावावर जमा.
त्याच्या वतीनं रात्री दोनला
हो म्हणायला कोण बसलंय?

आणि तो गप्प नव्हता.
रोज रात्री ओरडत होता, काय नाही, कुठं अडलंय, सगळं.
त्याचं बोलणं थेट शून्यात सोडायची सोय
ओळीच्या शेवटी महांतेशनं करून ठेवली होती,
उगाच मेल नकोत म्हणून.

बेळगावचा मावसभाऊ फोनवर म्हणाला,
सगळ्यांना सगळं उघडून टाक, मिटतंय की.
पतसंस्थेत असं बोलायचं नसतं.
मी एकच कप्पा उघडला, तोही फक्त वाचायला.
हत्याराचा पत्ता मुळापासून लिहिला.
अक्षरं कशी वाचायची ते सांगितलं.
त्याच्या नावानं एकदा हो म्हटलं.
आणि एक वही दिली: जे होईल ते यात लिही,
शिव्या आल्या तरी.

दुसऱ्या रात्री दोन वाजून एकवीस मिनिटांनी
वहीत एक ओळ उमटली. झालं.
मी उगाच दोनदा वाचली.

आदगोंडानं बशीत चहा ओतला.
‘मॅडम, मीटरच्या खोलीची किल्लीबी माझ्याकडं न्हाई.
आग लागली तर कुलूप बघत बसायचं.’
कधीपासून?
‘लागल्यापासनं. चार वर्सं.
सांगिटलो हुतो की. कुणाला सांगिटलो, ते आटवंना.’