असंल

निकाल लागला ते आधी
कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर कळलं,
मग खडेबाजारात, मग गणपत गल्लीत,
आणि भरमाण्णा पैलवान हिंडलग्याच्या जेलमधनं
बाहेर पडायच्या आत
त्याच्या गावातले फटाके संपलेसुद्धा.

आमचा न्हावी व्यंकू वस्तरा घासत म्हणाला,
'त्यानंच मारलाय. सगळ्यांना म्हाईत हाय.
पण पैलवान म्हणशील तर तसला परत व्हायचा नाही बघ.'
दोन्ही वाक्यं एकाच पट्ट्यावर
एकाच धारेला लावलेली.

त्याचं नाव निघालं की तीन वर्षं जी बोटं मोडत होती
तिनंच रविवारी नातू त्याच्या मांडीवर ठेवला,
फोटोसाठी.
कुंद्याच्या दुकानात कुणी म्हणालं, पैसे चारले.
किती चारले?
आकडा सकाळी पाच लाख होता,
दिवे लागेपर्यंत पन्नास.

मी कोर्टातला दुभाषा.
साक्षीदार मराठीत बोलतो, मी कन्नडात सांगतो,
टायपिस्ट बडवतो.
एकवीस वर्षं हेच.

लगमव्वा, रताळीवाली,
पहाटे बुट्टी घेऊन मार्केटला निघालेली.
धुकं होतं म्हणाली.
तालमीच्या मागं दोघं होते.
एक सातेरी, पैलवानाची मालिश करणारा, आडवा पडलेला.
दुसरा पाठमोरा. कान मोडलेला.
वकिलानं विचारलं, या तालुक्यात मोडलेले कान किती?
कोर्ट हसलं.
मागच्या बाकावरच्या सात-आठ जणांनी
नकळत आपापले कान चाचपले.
'तो भरमाण्णाच होता काय?'
लगमव्वा बराच वेळ पदराचं टोक बघत राहिली.
मग म्हणाली, 'असंल.'

असंल.
आपल्यात हा शब्द मान हलवून म्हणतात,
आणि मान कुठल्या बाजूला हलली
ते कागदावर उमटत नाही.
कन्नडात त्याला दोन दारं:
इरबेकु, म्हणजे असलाच पाहिजे.
इरबहुदु, म्हणजे असू शकेल.
साहेब थांबले होते. पंखा घरघरत होता.
मी म्हणालो, इरबहुदु.

निकालाच्या एक्केचाळिसाव्या पानावर तो शब्द आहे.
त्याच्याखाली दोन ओळी सोडून
संशयाचा फायदा.

घरी जेवताना आठवलं,
वडगावच्या मैदानात एका मोठ्या कुस्तीला
भरमाण्णासाठी ओरडून ओरडून
माझा घसा चार दिवस बसला होता.
भाकरी तशीच ताटात राहिली.

सातेरीची बायको नक्कल न्यायला आली.
कन्नड वाचता येत नव्हतं.
मी शेवटची ओळ वाचून दाखवली: आरोपी खुलासे.
'कसला खुलासा केला त्यानं?'
'तसं नव्हे वैनी. कन्नडात खुलासे म्हणजे सुटला.'
'सुटला ते कळलंय की मला.
खुलासा काय केला?'
मी पान उलटलं.
मागची बाजू कोरी होती.

काल व्यंकूनं गळ्याभोवती कापड बांधता बांधता विचारलं,
'तू तर आत असतोस. खरं सांग,
त्यानंच केलंय नव्हं?'
आरशात माझ्यामागं तिघं,
पेपर गुडघ्यावर उतरवून बसलेले.
त्यांच्या वर भिंतीला भरमाण्णा,
चांदीची गदा खांद्यावर,
काचेवर कुणाच्या तरी केसांची बारीक धूळ.
मी म्हणालो, 'असंल.'
'बघ, म्हटलं नव्हतं मी?' दोघं एकदम.
तिसरा म्हणाला, 'म्हणजे ह्यालाबी ठाऊक नाही.'

व्यंकूनं दोन बोटांनी माझं डोकं खाली दाबलं,
कानाची पाळी दुमडली,
वस्तरा टेकवला
आणि म्हणाला,
'मान हलवू नकोस.'