गच्ची सोपवताना

ही किल्ली, रिहाब. दार जरा उचलून लोटायचं,
रादेसच्या खाऱ्या वाऱ्याने फुगलंय.
अकरा डबे आहेत, मोजून घे.
ऑलिव्ह तेलाचे सात, टोमॅटोच्या गराचे चार.
बुडाची भोकं मी पाडलीत खिळ्याने,
वाकडी आहेत, पण पाणी साचत नाही.

मोगऱ्याचे लाड केलेस तर नुसता पाला देईल.
पहिल्या वर्षी मी दिवसातून दोनदा पाणी घातलं,
नव्या नवरीचा उत्साह,
आणि झाड गुबगुबीत, हिरवंगार, रिकामं.
सासू म्हणाली, थोडं उपाशी ठेव.
(तो प्रयोग तिने माझ्यावरही करून पाहिला होता.)

फेब्रुवारीत छाटायचं. निम्म्यावर.
हात थरथरेल. थरथरू दे, पण काप.
कळी जुन्या काडीला धरत नाही,
नव्या फुटव्यालाच धरते.
हे उमगलं त्या साली मी बेचाळीस वर्षांची होते
आणि गाडी चालवायला शिकले.

मग मेंढीचं खत, मुरलेलं, मूठभर.
ऊन मात्र पुरेपूर हवं.
टाकीच्या सावलीतला तो नववा डबा बघ,
वीस वर्षांत दोन फुलं.
हलवता आला असता.
लझहरने ठेवला होता तिथे भांडून,
आणि आधी कुणी उचलायचा
ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

जूनमध्ये लागतील कळ्या.
ऊन उतरलं की खुडायच्या, मिटलेल्या असतानाच,
नख लावायचं नाही, नुसतं वळवायचं.
खुडशील तेवढ्या येतील,
राखून ठेवल्यास की झाड सुस्तावतं.
हल्फा गवताच्या काड्यांना लाल दोऱ्याने बांधून
अंजिराच्या पानात गुंडाळ.
खालच्या कॅफेतला बेशीर सगळे मशमूम घेतो,
कानामागे खोवून फिरणारी गिऱ्हाइकं आहेत त्याची.
पैसे सोमवारी माग,
रविवारी मॅच हरलेला असतो.

मी सूसला, मुलाकडे. पाचवा मजला,
बाल्कनी उत्तरेला.
एक काडी नेतेय ओल्या फडक्यात.
जगणार नाही, म्हणतो तो.
झाडांतलं मला सांगतो!

एखादी कळी नजरेतून सुटेल,
रात्री उमलेल, गच्ची भरून जाईल.
ती विकायची नाही.
त्या कोपऱ्यात खुर्ची आहे.
एक पाय डुगडुगतो,
भिंतीला टेकवून बस.