फळ्याची डागडुजी

फळा एका बंद पडलेल्या बालवाडीतला.
एकशे दहा रुपयांना घेतला,
सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधून
अमळनेरच्या भर बाजारातून आणला तेव्हा
वाऱ्यानं मला दोनदा मागं फिरवलं.

रस्त्याकडच्या भिंतीला टांगला.
रोज चार ओळी लिहायच्या, ठरलं.
कुणी सांगितलं नव्हतं,
कुणी नकोही म्हटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात लिहिलं:
बोरीच्या पुलावर आज तीन नीलकंठ.
पोस्टातल्या डिंकाला मुंग्या लागल्यात.
दुसऱ्या आठवड्यात थांबलो,
कारण फळा करडा दिसायला लागला,
आणि करड्यावर पांढरं म्हणजे
ताकात पीठ.

मग सेल फोडले. आतल्या कांड्या खलबत्त्यात कुटल्या,
माक्याचा पाला चोळला, तीन हात दिले,
प्रत्येक हात वाळेपर्यंत समोर बसून राहिलो.
त्या रात्रीची शेंगदाण्याची चटणी राखाडी झाली.
सरूआक्का म्हणाली,
‘फयाले आंघोय घाली.
आते लिखशी कवय?’

लिहिणारच होतो.
पण वर पत्र्याची पडवी हवी होती.
पडवी झाली तर खाली अंधार,
म्हणून बल्ब, बल्बाला किडे, किड्यांना पाली,
आणि एक पाल नेमकी अनुस्वारावर बसायची.
वावधनात धूळ येते म्हणून पुढं झडप केली.
उंच वाटला, दोन बोटं खाली घेतला.
शाळेची पोरं पुसतात, पुन्हा वर.
भिंतीला एकोणीस भोकं,
लिहिलेल्या ओळी सतरा.

एक महिना ‘अ’मध्ये गेला.
जुन्या वळणाचा काढून पाहिला,
मोडीत बसलेल्या माणसासारखा, पाठीत वाकलेला.
आवडला.
पण मग कालच्या ओळीतला ‘अ’ परका दिसायचा,
म्हणून कालची ओळही पुसून नव्यानं.
काल काय लिहिलं होतं ते मात्र
नव्यानं लिहिताना थोडं बदललं.
खरं सांगायचं तर नीलकंठ दोनच होते.

वाचतं कोण?
दूधवाला हिलाल फक्त तारीख बघतो.
एक रिक्षावाला राशिभविष्य शोधून गेला.
समोर मगन शिंपी आहे,
पण तो सुईत दोरा ओवायलाही
पोराला हाक मारतो.

चैत्रात धुळ्याला मोतीबिंदूसाठी निघालो,
गाडीला वीस मिनिटं होती,
घाईत लिहिलं:
आज काही नाही.
झडपेची बिजागरी कुरकुरते.

अकरा दिवस.
काळा चष्मा लावून परतलो तर
अक्षरं जागेवर.
खडू रोज उडतो, मला ठाऊक आहे,
दुपारच्या झळांनी तर दोन दिवसांत फिका पडतो.
जवळ गेलो. माझी अक्षरं, हात माझा नव्हे.
कुणीतरी रोज गिरवत होतं,
‘झ’ची गाठ तर अशी जपून घेतलेली
जशी काज करताना घेतात.

झडप ओढली.
काहीच आवाज नाही.
बोट बिजागरीला लावून नाकाशी नेलं:
शिलाई मशीनचं तेल.

समोर मशीन चालू होतं.
मगननं मान वर केली नाही,
मीही हाक मारली नाही.
तो एका परकराला नेफा घालत होता,
आणि लांबचं त्याला दिसतं
हे माझ्या आत्ता लक्षात येत होतं.

संध्याकाळी फळा पुसला,
कारण आता ती ओळ खोटी होती.
खडू हातात घेऊन उभा राहिलो.
मागं आक्का, चहाचा कप बशीत उपडा.
‘लिख ना भो.’

लिहिणार, लिहिणार.
फक्त चौकटीचा डावा कोपरा
किंचित सैल वाटला,
म्हणून पेचकस आणायला आत गेलो.