प्रश्न क्रमांक एकोणीस

राजारामपुरीत, मेसच्या जिन्यात
फॉर्म घेऊन बसलेय. तिसरा दिवस.
शिंप्याकडची टेप, साखर तपासायचं यंत्र,
मॅडमनी मोजून दिलेले साठ कागद.

सव्वाबाराला तो वरून उतरतो, डोळे चोळत.
विश्वजीत चौगुले. वय वीस. गाव सांगरूळ.

झोप?
"लवकरच की."
लवकर म्हणजे?
"तीन. मॅच असली तर साडेतीन."
नाश्ता?
"मिसळ. जाग आली तर."
व्यायाम?
रोज, कधीकधी, कधीच नाही, मी पर्याय वाचते.
"गाडीला किक मारतोय की, ताई.
सेल्फ बंद हाय दिवाळीपासनं."

तंबाखूच्या चौकटीपाशी तो जिन्याच्या वर बघतो,
मग खाली.
"लिवा न्हाई."
खिशात पुडी चुरचुरते.
मी लिहिते, नाही.
फॉर्मला कान नसतात.

कमरेला टेप लावली की तो पोट आत ओढतो.
सगळेच ओढतात.
श्वास सोडा, म्हणते मी,
आणि टेप बोटांतून चार सेंटिमीटर निसटते.
अठ्ठ्याण्णव.

एकोणीस: घरात कुणाला साखर, रक्तदाब, हृदयविकार?
इथं पोरं घड्याळ बघतात.
हा स्वतःच्या चपलेकडे बघतो.
"पप्पांना."
मी थांबते.
"पैलवान हुते. दोन लिटर म्हशीचं दूध, बदाम, तूप.
गुडघा गेला, आखाडा सुटला.
खुराक तेवढा न्हाई सुटला."
मग बराच वेळ काही नाही.
आत कुणीतरी ताटं रचतंय.
"परवा सीपीआरमध्ये अंगठा काढला. डाव्या पायाचा.
मला म्हणाले, तू परीक्षा दे, येऊ नको."

अंगठ्याला फॉर्मवर जागा नाही.
मी 'होय'भोवती गोल करते,
गोल जरा मोठा होतो.

मग तो बोट पुढे करतो,
रात्रभर पडदा वर सरकवून गुळगुळीत झालेलं.
सुई टोचली तरी हलत नाही.
यंत्र पाच आकडे उलटे मोजतं.
उपाशीपोटी एकशे सोळा.

"पास का नापास?"
काठावर.
"मग बरंय," तो हसतो, "आपण दरवर्षी काठावरच."
हसू पूर्ण व्हायच्या आत तो पुडी काढतो,
बघतो,
परत खिशात ठेवतो.
टाकत नाही. खातही नाही.
एवढंच झालं, जास्त काही झालं नाही.

तो जेवायला आत जातो. रश्श्याचा वास बाहेर येतो.
मी सकाळपासून दोन चहांवर आहे.
आईची गोळी रोज रात्री मीच काढून देते,
अर्धी गुलाबी, अर्धी पांढरी,
आणि प्रश्न एकोणीस आजवर
एक्केचाळीस जणांना विचारलाय.

जिन्यात कुणी नाही बघून
टेप स्वतःच्या कमरेभोवती घेते.

कुणी नाही,
तरी पोट आपसूक आत जातं.