दाराची फळी

यवतहून दोन आणल्या, सख्ख्या बहिणी,
टेम्पोत एकमेकींना चिकटून उभ्या.
आमच्याकडं आधीच्या तिघी,
आणि त्या तिघींतली एक मामलेदारीण.

आठ दिवस मधे जाळी ठेवली.
नाकाला नाक लागू दे, म्हणायचा सासरा दुर्गाप्पा,
वास ओळखीचा झाला की अर्धं भांडण जाळीतच जिरतं.
उरलेलं अर्धं तुझ्या नशिबात.

ते अर्धं बुधवारी आलं.
दिवस कलल्यावर सोडायचं, पोटं भरल्यावर,
एवढं मला ठाऊक.
पाचींच्या अंगाला एकाच डब्यातलं कडुलिंबाचं तेल चोळलं,
मामलेदारणीनं डोळे मिटून घेतले
बाळंतिणीसारखे.
मांजरीच्या मेसचं खरकटं डोणीत न ओतता
पेरणीसारखं वाड्याभर फेकलं:
भात, चपातीचे तुकडे,
पोरांनी ताटात टाकलेला दुधी, किलोभर तरी.
कोपऱ्यात टायर उभे केले,
पळणारीला आडोसा पाहिजे.
पाचट दुप्पट.

तरी भिडल्याच.
खांद्याला खांदा लावून गोल, गोल,
जात्याच्या दोन पाळ्या
मधे दाणा नसताना फिराव्यात तशा.
आणि तो आवाज!
कालव्यापलीकडच्या सोसायटीत
सहाव्या मजल्यापर्यंत बाल्कन्यांचे दिवे लागले,
कुणीतरी मोबाईल उंच धरला.

हात घालायचा नसतो.
दुर्गाप्पाच्या डाव्या पंजाला तीन बोटं होती,
त्यानंच हे शिकवलं.

मी फळी घेतली.
फळी म्हणजे आमच्या जुन्या खोलीचं दार.
रस्ता रुंद झाला तेव्हा एवढंच उचलता आलं.
कडी शाबूत आहे,
आणि पाडायच्या आधी महापालिकेनं घातलेला
लाल नंबर, ४१.

दोघींच्या मधे दार उभं केलं की
डुकरीण विसरत नाही काही,
पण पुढं भिंत आहे असं धरून चालते.
तेवढा दम पुरतो.
इकडून धडक, तिकडून धडक,
आणि मी ते पेलून उभी,
दोन्ही बाजूंना बाहेरच असलेलं दार.

एक विकून टाक, साईबण्णा म्हणाला.
मी म्हटलं, परवापर्यंत थांब.
रक्त वाहिलं तर वेगळं काढायचं,
ओरखडा असला तर बघत बसायचं.
बघत बसायचे पैसे कुणी देत नाही,
पण काम तेच सगळ्यात जड.

सकाळी मामलेदारणीचा कान फाटलेला.
हळद भरली. हलली नाही.
धाकटी बहीण आधी खायला लागली
आणि ही मागं सरून उभी,
माझ्याकडं बघत,
जणू सही मीच केली होती.

तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन गेले.
पाचटात पाच पाठी, एकीला एक लागून.
कुणी कुणाला चावत नव्हतं.
मामलेदारीण कडेला,
कालव्याचं वारं येतं त्या बाजूला.
मधली जागा सहा वर्षं तिची होती.

तिला उठवून मधे घालणं माझ्या हातात नाही.
दार नेलं आणि तिच्या अंगालगत
वाऱ्याच्या तोंडावर उभं टेकवलं,
४१ आतल्या अंगाला.

पहाटे ती दाराला पाठ खाजवत होती,
कडी वाजत राहिली.
साईबण्णा झोपेतच म्हणाला,
बघ गं, कोण आलंय.